पाण्यापलीकडे किती न्यायचं

आत्याचा फोन नेमका दुकानात गर्दी असताना येतो. परवाही तसंच झालं. कानाला फोन लावून मी एका हाताने पोह्यांचं माप करत होते आणि ती पलीकडून यादी सांगत होती. मीठ दोन किलो, गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा, चहापत्ती अर्धा किलो, ढेपेतला गूळ दोन किलो, काडेपेट्यांचा एक पुडा, बॅटरीचे चार सेल आणि मामांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या. संपली यादी.

"डाळ? साखर? साबण?" मी विचारलं.

"हाय समदं. उगं काय बी आणू नगंस. लाँचंत चढवायचं, उतरवायचं, मग वर वाहायचं. कळतंय न्हवं?"

कळलं म्हणाले. तेव्हा कळलं नव्हतं.

आमचं साताऱ्यात किराणा मालाचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. दिवसभर वजनाशीच खेळ, पण ते काट्यावरच्या आकड्यांचं वजन. पोती टेम्पोतून येतात, हमाल आत आणून टाकतात, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर यादी पाठवून घरपोच मागवतं. हळदीच्या एका पुडीसाठी आमचा मुलगा दुचाकी काढून जातो. मी स्वतः शेवटचं पोतं कधी उचललं ते आठवत नाही.

तर मी आत्याची यादी बांधली आणि मग मायेपोटी पिशव्या वाढत गेल्या. बिस्किटांचे पुडे, फरसाण, नवा पाच लिटरचा कुकर (तिचा जुना फारच जुना झाला असेल या समजुतीने), प्लास्टिकचं एक स्टूल, आणि धाकट्याला बाहेरचं पाणी बाधू नये म्हणून एक-एक लिटरच्या बारा पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स. धाकटा नववीत आहे. दोनच दिवस जायचं होतं, शनिवार आणि रविवार. आमचं दोघांचं सामान वेगळं. मोजून सात नग झाले.

सकाळच्या एसटीने निघालो. समर्थ मंदिर, यवतेश्वरचा घाट, कास. पठारावरची फुलं केव्हाच संपली होती, गवत पिवळं पडलं होतं. सप्टेंबरात इथे गाड्यांची रांग लागते आणि नोव्हेंबरात कुणी काच खाली करूनही बघत नाही. मला मात्र हे पिवळं पठार फार आवडतं. कास तलाव डावीकडे, उजवीकडे असं काही न बघता धाकटा झोपून गेला. जाग आली ती बामणोलीलाच.

बामणोली म्हणजे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं ती जागा. कोयना धरणाचा हा शिवसागर जलाशय. धरण तिकडे दूर दक्षिणेला, पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ. पण पाणी मागे जावळीच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरांत शिरत शिरत तापोळ्यापर्यंत येतं. बामणोलीच्या काठावर दोन प्रकारचे लोक असतात. एक वासोट्याच्या किल्ल्याला निघालेले. त्यांच्या पाठीवर सॅक, हातात वनखात्याची पावती. दुसरे घरी निघालेले. आम्ही दुसऱ्यांच्या लाँचमध्ये बसलो.

लाँच भरताना मी पहिल्यांदाच नीट बघत उभी राहिले. लाँचवाले दादा स्वतः कशालाही हात लावत नव्हते, पण काय कुठे ठेवायचं ते त्यांच्या शब्दाशिवाय ठरत नव्हतं. सिमेंटची चार पोती मधोमध, खाली. त्यावर तांदळाचं पोतं नाही, सिमेंट फुटलं तर तांदूळ जाईल. गॅसची टाकी उभी, दोरीने बांधून, इंजिनापासून लांब. पत्र्याचे दोन तुकडे कडेला. एका म्हाताऱ्या बाबांनी बोकड आणला होता, तो पुढच्या टोकाला. माणसं दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर सारखी वाटून. एका बाजूला चौघे जास्त झाले तर दादा नुसतं बघायचे आणि कुणीतरी उठून समोर जायचं. कोण किती वजनाचं हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.

आमचे सात नग बघून ते म्हणाले, "ताई, लगीन हाय का कुणाचं?"

कुचकेपणा नव्हता त्यात, खरंच विचारत होते. शेजारच्या बाईच्या हातात एकच पिशवी होती. ती साताऱ्याहून आठवड्याचा बाजार करून निघाली होती, आणि एवढ्यात सगळं घर होतं तिचं.

नारिंगी जाकिटं दिली ती आम्ही घातली. धाकट्याला लाज वाटत होती, कारण गावची माणसं घालत नव्हती. मी ऐकलं नाही. पाणी किती खोल आहे हे विचारू नये, जाकीट घालावं. ज्यांना रोज जायचं आहे त्यांनी तर आधी घालावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी ते तिथे बोललेही. दोन बायकांनी घातलं.

इंजिन सुरू झालं की बोलणं संपतं. डिझेलचा धडधडाट एवढा असतो की माणसं आपोआप गप्प होतात आणि बघायला लागतात. पाणी काठोकाठ होतं. पावसाळ्यात भरलेलं धरण नोव्हेंबरात अजून टेकडीच्या गवताला टेकलेलं असतं, म्हणून काठ हिरवा दिसतो. उन्हाळ्यात हेच पाणी उतरलं की लाल मातीचे पट्टे उघडे पडतात. समोर वासोट्याचा डोंगर, त्याच्या मागे सह्याद्रीची धार आणि तिच्या पलीकडे एकदम कोकण.

लाँच सरळ जात नाही. या काठाला, त्या काठाला टेकत टेकत जाते. धक्का वगैरे कुठेच नाही. दादा इंजिन मंद करतात, टोक मातीत रुततं, एक फळी टाकतात, माणूस उतरतो. एका गावी कुणी उतरलंच नाही. नुसता एक पोरगा काठावर उभा होता, त्याच्या हातात दादांनी औषधाची पिशवी दिली आणि त्याने घडी केलेला कागद दिला. त्या कागदावर पुढच्या खेपेला काय आणायचं ते लिहिलेलं असणार. कागद दादांच्या खिशात गेला. तिथे तसे चार-पाच कागद आधीच होते.

सव्वा तासाने आमचं गाव आलं. म्हणजे आत्याचं गाव. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. काठावर मामा उभे होते. आत्याचे यजमान, पण आमच्यात त्यांना मामाच म्हणतात. पंचाहत्तरीचे, बारीक, गळ्यात तुळशीची माळ.

मामांनी एकेक नग लाँचमधून घेतला. घेताना क्षणभर हातात तोलायचे आणि खाली ठेवायचे. तेलाच्या आणि गुळाच्या पिशवीला म्हणाले, "साडेनऊ." कुकरला, "पावणेतीन, खोक्यासकट." पाण्याचा बॉक्स उचलला, खाली ठेवला. "बारा. वर थोडं." मग वर डोंगराकडे बघितलं, बॉक्स खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. बॉक्सवर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलेलं होतं.

मी मागून चालले होते. काठापासून घर वीस मिनिटांच्या चढावर. पहिल्या वळणावर मला दम लागला. दुसऱ्या वळणावर धाकट्याने स्टूल डोक्यावर घेतलं. पुढे पंचाहत्तर वर्षांचा माणूस साताऱ्यातलं बाटलीबंद पाणी खांद्यावर घेऊन कोयनेच्या काठावरून वर चढत होता. मला रडू येईल असं वाटलं. मी ते ओझं मागितलं, त्यांनी दिलं नाही.

मामा माथाडी होते. जावळी-पाटणच्या घरटी एक माणूस मुंबईला, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. आधी मशीद बंदरला आणि बाजार तिकडे हलल्यावर वाशीला. पाठीवर पोती वाहण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. माथाडी कामगारांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९६९ च्या कायद्याने, आणि त्यांची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटीलही आमच्याच पाटण तालुक्यातले. मामांकडे त्यांचा फोटो आहे, देवांच्या शेजारी. रात्री मी विचारलं, नुसतं हातात घेऊन वजन कसं कळतं? ते म्हणाले, "हाताला न्हाई, पाठीच्या मणक्याला कळतं. पयल्या वर्षी फसवत्यात. पन्नासचं म्हणत्यात आन्‌ साठ भरत्यात. दुसऱ्या वर्षी कोण फसवत न्हाई."

आत्याच्या स्वयंपाकघरात एक फळी आहे. एकच. मी दुकानदार आहे, मला फळी बघितली की मोजायची सवय. मिठाची बरणी, तिखटाचा डबा, हळदीचा डबा, घरच्या घेवड्याचा, कुळथाचा, चहाचा, गुळाचा. तेलाचा डबा खाली. तांदूळ आणि नाचणी कणगीत, ती घरचीच. कांदा-लसूण दोरीवर टांगलेला. संपलं. माझ्या घरात नुसत्या मसाल्यांच्या चोवीस बाटल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची तारीख उलटून गेलेली असते.

कुकर जुना नव्हताच. म्हणजे जुना होता, पण तिने त्याची रिंग दोनदा आणि शिट्टी एकदा बदलली होती आणि तो उत्तम चालत होता. नवा कुकर तिने हातात घेतला, झाकण लावून बघितलं, छान आहे म्हणाली आणि खोक्यात घालून परत माझ्या सामानापाशी ठेवला. "सुनंला दे वाशीला. हित दोन कुकर काय करू?" मला वाईट वाटेल म्हणून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. वाईट वाटलं नाही. तिचं बरोबर होतं.

गॅस आहे, पण चहापुरता. भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी चुलीवर. टाकी लाँचने येते आणि लाँचनेच भरायला जाते, म्हणून ती चार महिने पुरवायची. चुलीची राख भांड्यांना. भांड्यांचं पाणी परसातल्या अळूला. प्यायचं पाणी समोरच्या जलाशयाचं नाही. डोंगरातल्या झऱ्याचं, पाइपने उताराने आणलेलं. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं, पण आत्याचा हंडा झऱ्याच्याच पाण्याने भरतो. धाकट्याने ते पाणी तांब्याने प्यायलं, दोन तांबे. त्याला काही झालं नाही.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पिठलं तव्यावर खरपूस करून. मी पुन्हा पुन्हा मागून घेतलं.

संध्याकाळी सहानंतर दार लावून घ्यायचं. हा भाग कोयना अभयारण्याला लागून आहे, १९८५ पासूनचं अभयारण्य, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. गवे खाली पाण्यावर उतरतात, अस्वल आहे, बिबट्या आहे. आम्ही ओसरीवर बसून गव्यांचे हुंकार ऐकले. दिसले नाहीत. वीज गेली होती. कोयनेची वीज अख्ख्या महाराष्ट्राला जाते; इथून पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीकडे सोडतात, तिथे वीज होते, आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. धरण नसतं तर हेच पाणी हेळवाकला वळून कऱ्हाडात कृष्णेला भेटलं असतं. मामांना हे सगळं पाठ आहे. सेल घातलेली बॅटरी त्यांनी भिंतीवर मारली आणि अंधारातच पाण्याच्या दिशेने हात करून म्हणाले, "आमचं पयलं घर थितं. त्या दिव्याच्या खाली."

पाण्यावर दूर एका होडीत दिवा होता, कुणी जाळं टाकत असावं.

धरणात पाणी अडायला लागलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. निम्मी गावं उठून ठाण्याला, रायगडला, सोलापूरला, सांगलीला गेली. काही नुसतीच वर सरकली, त्यातलं हे. मी विचारलं, वर येताना काय काय आणलंत? ते लगेच म्हणाले, जणू काल आणलं होतं. देव, जातं, दोन बैल, घराचे खांब आणि तुळया. "कौलं?" "जेवढी न फुटता निघाली तेवढी." जातं आजही आत आहे. दोघांनी उचलूनही जड होतं, वडील आणि चुलते काठीला बांधून घेऊन आले. आत्या म्हणाली, ते जातं आणलं म्हणून भूकंपात पोटाला मिळालं. तो ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. ती तेव्हा माहेरी होती, लहान. तिला आवाज आठवतो, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आधी माणसं आणि मग गुरांची दावी कापली ते आठवतं. महिनाभर सगळे मांडवात झोपले. पुढचं तिने सांगितलं नाही, झोपा म्हणाली.

दुसरा दिवस खळ्यावर गेला. नाचणीची कणसं बडवायची होती. धाकट्याचे हात तासाभरात सोलवटले, पण तो थांबला नाही. मामांनी त्याला सूप धरायला शिकवलं, वाऱ्याकडे पाठ करून कसं उभं राहायचं ते. वारा दुपारनंतर सुटतो, तो पाण्यावरून येतो. इथे उफणणीला वेळ ठरलेली नाही, वारा सुटेल तेव्हा सगळी कामं टाकून सूप घ्यायचं.

हे वाचून कुणाला वाटेल की मी साधेपणाची आरती ओवाळते आहे. तसं नाही. आत्याने हे निवडलेलं नाही. रस्ता नाही म्हणून फळी एक आहे. २०२२ साली इथल्याच खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडतात ही बातमी आली आणि उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, तेव्हा आख्ख्या राज्याला कळलं. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं आणि आम्ही काहीही केलं नव्हतं, हे मी स्वतःला सांगत असते. रात्री कुणाला सर्प चावला तर काय, हा प्रश्न त्या ओसरीवर बसलं की पहिला मनात येतो. रस्ता झाला पाहिजे, लाँच वेळेवर आली पाहिजे, दवाखाना जवळ आला पाहिजे. त्यानंतर आत्याने फळी एक ठेवावी की चार, ते तिचं तिने ठरवावं. मला वाटतं ती एकच ठेवील.

सोमवारी पहाटे परतीची लाँच. (दुकान उशिरा उघडलं, गिऱ्हाइकांनी माफ करावं.) खाली उतरलो तर पाणी दिसतच नव्हतं. सगळं धुकं. लाँचचा आवाज येत होता, लाँच नव्हती. मग आवाजही बंद झाला. दादांनी मध्येच इंजिन थांबवलं असणार, धुकं उठेपर्यंत. काठावर आम्ही अकराजण उभे. त्यात एक पोर सातव्या महिन्यातली, तपासणीला निघालेली, बरोबर तिची सासू. तिला बसायला काही नव्हतं. मी आणलेलं प्लास्टिकचं स्टूल मामा वरून घेऊन आले होते, ते त्यांनी मातीत दाबून बसवलं आणि तिला दिलं. ते स्टूल आता काठावरच असतं, देवळाच्या आडोशाला. त्याला मामांनी दोरी बांधली आहे.

पाऊण तास थांबलो. कुणी घड्याळ बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

लाँच आल्यावर त्या पोरीला इंजिनापासून लांबची, मधली जागा दिली. मग सामान. आत्याने माझ्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, घड्या करून दिल्या होत्या. बिस्किटांचे कागद, फरसाणच्या पिशव्या, गोळ्यांचं रिकामं पाकीट, सगळं एका गाठोड्यात. "हित टाकायचं कुठं? तुमच्याकडं गाडी येती न्हवं?" घंटागाडी साताऱ्यात येते, पाण्यापलीकडे येत नाही. तेलाचा जुना डबाही मागायला गेले तर तो मिळाला नाही, त्यात कोथिंबीर लावलेली होती. बारा बाटल्या न फोडता परत. त्या मी बामणोलीत चहाच्या टपरीवर देऊन टाकल्या, शाळेच्या पोरांना प्यायला.

आणि एक नवं पोतं. नाचणी, हातसडीचे तांदूळ, दोन दुधीभोपळे, तुपाची बरणी फडक्यात गुंडाळून. मामांनी ते लाँचमध्ये ठेवताना हातात तोललं. "साडेचौदा," म्हणाले.

दुकानात आल्याबरोबर मी ते पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. १४ किलो ६२० ग्रॅम. एवढं जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं. आत्याला फोन लावला, मामांना द्यायला सांगितलं, आकडा सांगितला.

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"धुकं व्हतं गं सकाळी," मामा म्हणाले. "पोतं दमट झालं आसंल. वाळल्यावर बग."